पुढची ओळ

त्या मुलीनं बोलायला सुरुवात केली तेव्हा माझं अर्धं लक्ष खाऊच्या पाकिटांकडे होतं. पाकिटं पुरतात की नाही याची धाकधूक, कारण शाळेनं कळवलेल्या आकड्यापेक्षा मुलं बरीच जास्त दिसत होती. केनियातल्या मोंबासाहून माझेरासला येऊन आत वळलं की राबाईच्या टेकड्या लागतात. त्या बाजूची ही शाळा, चर्चची. मागच्या अंगाला मुलांचं वसतिगृह. नाव सांगत नाही. मोंबासातली आम्ही मोजकी मराठी कुटुंबं दिवाळीच्या आधी तिथं वह्या, दप्तरं आणि तांदळाची पोती घेऊन गेलो होतो. पत्र्याच्या लांबट हॉलमध्ये आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्या, मुलं समोर जमिनीवर. आधी 'करिबुनी वगेनी' हे पाहुण्यांच्या स्वागताचं गाणं झालं, मग प्रार्थना, मग नाच. आणि मग हेडटीचर मॅडम म्हणाल्या, "आता आमची एक मुलगी तुम्हाला तिची गोष्ट सांगेल."

मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल. इथल्या शाळांतल्या बहुतेक मुलींसारखं डोकं बारीक भादरलेलं, गणवेशाची कॉलर धुऊन धुऊन विरलेली. हात पाठीमागे, नजर आमच्या डोक्यांवरून पलीकडच्या खिडकीवर. इंग्रजीत म्हणाली, माझं नाव अमुक, मी पाचवीत आहे, मी टोटल ऑर्फन आहे. (इथं मदतीच्या अर्जांवर तसे रकानेच असतात. दोघं गेले असतील तर टोटल, एकच गेलं असेल तर पार्शल. पोरंटोरंसुद्धा हे शब्द सहज वापरतात.) मग वडील गेले, मग आई आजारी पडली, मग पाऊस आला नाही, मग आई गेली. प्रत्येक वाक्यानंतर ती नेमका एक श्वास घ्यायची. आमच्यातल्या दोघीतिघींचे रुमाल बाहेर आले. आणि आई गेल्यानंतर ती अडली. पुढचं वाक्य येईना. ओठ हलले, खांदे वर गेले, हॉल गप्प. तेवढ्यात पहिल्या रांगेतला एक सहा-सात वर्षांचा मुलगा, सगळ्यांना स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात, कुजबुजला : "अँड देन वुई सोल्ड द गोट." मुलीचा जीव भांड्यात पडला. "अँड देन वुई सोल्ड द गोट," ती म्हणाली आणि तिथून थेट शेवटच्या 'गॉड ब्लेस यू'पर्यंत एका दमात पोचली. हशा पिकला, टाळ्या झाल्या. तीही हसली, मॅडमही हसल्या. पाकिटं पुरली.

त्या पोराला ती ओळ पाठ कशी?

उत्तर काही अवघड नाही. पाहुणे येतात, गोष्ट होते, पुन्हा पाहुणे येतात, पुन्हा गोष्ट होते. ऐकून ऐकून कुणालाही पाठ होईल. आपल्याला तरी आरत्या कुणी बसवून शिकवल्यात? घरी येताना गाडीत मी हे बोलून दाखवलं तर नवरा म्हणाला, "अगं, कार्यक्रम होता तो. कार्यक्रमात पोरं विसरतात." बरोबर आहे. पण मला खटकत होतं ते वेगळंच. मुलगी अडली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आईच्या आठवणीचं काही नव्हतं. स्नेहसंमेलनात कविता विसरलेल्या मुलीची असते तेवढीच भीती होती. आणि शेळी विकण्याचं ते वाक्य एका भलत्याच पोराच्या तोंडात, 'आम्ही' म्हणून, इतकं आरामात बसलं होतं की त्याचीही शेळी विकली गेली असावी. किंवा कुणाचीच नसेल. पुढे कितीतरी दिवस भांडी घासताना, नायली पुलावरच्या गर्दीत गाडी थांबली असताना, ते वाक्य मधूनच कानात यायचं.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक, सेवाभाव, त्याग, डोळ्यांत पाणी. दुसरा, धर्मांतर, तांदूळ, डोळ्यांत आग. मी दोन्ही सुरांच्या घरांत वाढले आहे. आजी एका बाजूची, काका दुसऱ्या. इथं येऊन या शाळा जवळून पाहिल्यावर दोन्ही सूर मला जरा लांबून लावलेले वाटायला लागले. त्या वसतिगृहात प्रत्येक पलंगावर मच्छरदाणी आहे. सकाळी साडेसहाला गरम उजी मिळते, आपल्या नाचणीच्या पेजेच्याच कुळातली. काही मुलांना रोज रात्री ठरलेल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात, जन्मभर घ्याव्या लागणार आहेत. त्या वेळेत चूक होऊ नये म्हणून तिथली मेट्रन घड्याळाकडे असं बघते की तिला त्या वेळी कुणी हाक मारायची हिंमत करत नाही. केनियात २००३ पासून प्राथमिक शिक्षण मोफत आहे, कागदावर. गणवेश, जेवण हे सगळं उरतंच. तेव्हा ही शाळा नसती तर काय, हा प्रश्न कुणी मला विचारला तर मी गप्प बसेन. आणि तरीही ती शेळी.

मोंबासा बेटावरून नायली पूल ओलांडला की पुढच्या मोठ्या चौकाचं नाव केंगेलेनी. मटाटूचे, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसचे, कंडक्टर दारात लोंबकळत दिवसभर हेच नाव ओरडत असतात. केंगेले म्हणजे घंटा. चौकात खरोखरच एक जुनी घंटा आहे, भोवती रहदारी, मोसंबीचे आणि भाजलेल्या मक्याच्या कणसांचे विक्रेते. भाजीला जाता-येता ती घंटा मी कितीदा तरी पाहिली आणि पाहिली नाही. एकदा मैत्रिणीची वाट बघत तिथं उभी राहिले तेव्हा कळलं की या वस्तीचं जुनं नाव फ्रीअरटाउन. फ्रीअर म्हणजे आपला तो मुंबईचा गव्हर्नर, सर बार्टल फ्रीअर, ज्याच्या नावाचा पूल ग्रँट रोडला आहे आणि जो त्याआधी साताऱ्याला रेसिडेंट होता. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या माणसांसाठी, त्यातही मुलांसाठी, चर्च मिशनरी सोसायटीनं १८७५ साली ही वसाहत उभी केली. घंटा तिची. आणि ती उभी करायला आलेला पाद्री होता विल्यम सॉल्टर प्राइस, जो त्याआधी नाशिकला होता.

हे वाचून मी जरा दचकलेच, कारण माझं माहेर नाशिकचं. शरणपूर रोडवरून सायकल मारत मी शाळेत गेले आहे. कॅनडा कॉर्नरला सिग्नलला पाय टेकवून उभी राहिले आहे. शरणपूर हे नाव कुठून आलं, असा प्रश्न त्या वयात पडत नाही. ती वसाहत या प्राइसनंच १८५४ मध्ये वसवलेली. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबतं पकडायचं. पकडल्यावर आतल्या मुलांचं काय करायचं हा प्रश्न असायचा. झांजिबारला सोडलं तर महिन्याभरात पुन्हा बाजारात. मग मुंबईला आणायचं. मुंबईतून त्यातली बरीच मुलं १८६०च्या सुमारास नाशिकला आली आणि शरणपुरात 'आफ्रिकन असायलम' सुरू झालं. मुलांना सुतारकाम, लोहारकाम; मुलींना शिवण. सकाळी प्रार्थना. आजच्या मलावी-मोझांबिकच्या बाजूची, याओ नाहीतर आणखी कुठल्या भाषेची ही मुलं गोदावरीच्या काठी वाढत होती, आपलं पाणी पीत, आपला पावसाळा झेलत. माझ्या पणजोबांच्या वडिलांनी त्यांना बाजारात पाहिलं असेल. घरात कधी कुणाच्या तोंडून एक अक्षर आलं नाही.

त्या मुलांची नावं वाचताना मात्र मला तो हॉल आठवला. सायमन प्राइस. रिचर्ड आयझेनबर्ग. आयझेनबर्ग हे मुंबईतल्या जर्मन मिशनऱ्याचं आडनाव. प्राइस तर प्राइसचंच. मुलगा बाप्तिस्म्याला उभा राहिला की आधीचं नाव गळायचं आणि कुणा भल्या माणसाचं चिकटायचं. याच सोसायटीनं त्याआधी सिएरा लिओनमध्ये एक पद्धतच काढली होती. इंग्लंडमधल्या दात्यानं वर्षाला पाच पौंड द्यायचे आणि त्या पैशांवर शिकणाऱ्या मुलाला आपल्या पसंतीचं नाव द्यायचं. आमच्या गटातल्या एकीकडे त्या राबाईच्या शाळेतल्या मुलाचा फोटो फ्रिजवर लावलेला आहे, खाली त्याचं नाव, वाढदिवस, आवडता विषय. तिनं त्याचं नाव बदललेलं नाही, एवढा फरक दोनशे वर्षांत पडला. मी हे तिला म्हणाले नाही. ती दर महिन्याला न चुकता पैसे भरते आणि मी भरत नाही.

१८६५ मध्ये आफ्रिका धुंडाळणारा स्कॉटिश मिशनरी डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईला आला, नाशिकला जाऊन शरणपूरची शाळा पाहून गेला आणि पुढच्या वर्षी आफ्रिकेत शिरताना तिथली नऊ मुलं बरोबर घेतली. त्याच्या रोजनिशीत या 'नासिक बॉइज'बद्दल बऱ्याच तक्रारी आहेत. आळशी आहेत, मागे रेंगाळतात, कुरकुरतात. मला ते वाचून बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. ज्या खंडातून पळवून आणलं त्याच खंडात दुसऱ्याचं ओझं डोक्यावर घेऊन परत चालायचं, तर कुरकुरणारच. नंतरच्या तुकडीत, १८७२ साली, आणखी काही नाशिककर मुलं आली. त्यातला एक जेकब वेनराइट. आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा सुसी आणि चुमा या त्याच्या जुन्या सोबत्यांनी आणि बाकीच्यांनी ठरवलं की प्रेत परत न्यायचं. हृदय आणि आतडी तिथंच झाडाखाली पुरली. जेकबला लिहिता-वाचता येत होतं, म्हणून अंत्यविधीची प्रार्थना त्यानं वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली ती त्यानंच. मग ते प्रेत उन्हात वाळवून, सालीत आणि कापडात गुंडाळून, हजारो किलोमीटर चालत बागामोयोच्या किनाऱ्यावर आणलं.

जेकबला मिशननं पेटीबरोबर इंग्लंडला पाठवलं. १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबीत पेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. सुसी आणि चुमा तेव्हा आफ्रिकेतच होते. त्यांचं जाणं मागाहून झालं. जेकबचा त्या पेटीशेजारी उभा असलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. विशीच्या आतबाहेरचा पोरगा, अंगावर कोट, पेटीवर हात. चेहऱ्यावरून काही कळत नाही. पुढचे काही महिने इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी सभा झाल्या आणि जेकब तिथं उभा राहून गोष्ट सांगायचा : महान डॉक्टर, त्यांचा शेवट, विश्वासू सेवक, प्रवास. सभांना गर्दी. वर्गणी गोळा व्हायची. त्याची स्वतःची गोष्ट, म्हणजे कोणत्या गावातून त्याला उचललं, गलबतात तो किती दिवस होता, नाशिकला उतरल्यावर पहिल्यांदा काय पाहिलं, हे त्याला किती सभांत विचारलं गेलं असेल? १८९२ मध्ये तो टांझानियाच्या आतल्या भागात, उरांबोला वारला. तोपर्यंत त्याचं नाव कुणी फारसं काढत नव्हतं.

त्याच्याबरोबर प्रेत वाहणारा दुसरा एक नाशिककर, मॅथ्यू वेलिंग्टन, मूळ नाव चेंग्विंबे, तब्बल १९३५ पर्यंत जगला. मोंबासात. म्हणजे माझ्या आजीचा जन्म झाला तेव्हा शरणपुरात वाढलेला एक म्हातारा या शहरात हिंडत होता.

पण या सगळ्यांत मला आवडतो तो विल्यम जोन्स. हाही याओ, हाही नाशिकचा. १८६४ला आणखी दोघांबरोबर राबाईला आला, म्हणजे फ्रीअरटाउन वसायच्या अकरा वर्षं आधी. तेव्हा राबाईला योहानेस रेबमान नावाचा जर्मन पाद्री जवळजवळ एकटा राहत होता. ज्यानं १८४८ मध्ये किलिमांजारोवरचा बर्फ पाहिला आणि युरोपातल्या विद्वानांनी ज्याला वेड्यात काढलं, तोच. नाशिकच्या मुलांनी तिथं शाळा चालवली, शेती केली, प्रवचनं दिली. पुढे किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईला येऊन लपायला लागले आणि जोन्सनं त्यांना थारा दिला. मळेवाले अरब चिडले, प्रकरण हातघाईवर यायची वेळ आली. शेवटी १८८९च्या पहिल्या दिवशी ब्रिटिश कंपनीनं पैसे मोजून चौदाशेच्या वर माणसांना मुक्तीचे कागद दिले. ज्याला सोडवलं गेलं होतं त्यानं सोडवलं, हे मला त्या सगळ्या सभा-वर्गण्यांपेक्षा मोठं वाटतं.

आणि १८८५! बिशप हॅनिंग्टन युगांडाला निघाला तेव्हा जोन्स त्याच्याबरोबर होता. बिशप मोजकी माणसं घेऊन पुढे गेला आणि बुसोगात मारला गेला. जोन्सला बाकीचा तांडा घेऊन परत फिरावं लागलं. राबाईत ते शिरले तेव्हा पुढे एक निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, इखाबोद; बायबलमधला, वैभव गेल्याचा. राबाईच्या त्या उतारावर, माडांच्या मधून, मी उभी राहून पाहिलं आहे. माडी काढणारे माणूस खोडावर पाडलेल्या खाचांत पाय रोवून चढत होते. चर्चच्या अंगणात कोंबड्या. याच जोन्सचं पुढे गोऱ्या सहकाऱ्यांशी पटेनासं झालं. नाशिकची ही मंडळी शिकलेली, इंग्रजी बोलणारी, बरोबरीचा पगार आणि बरोबरीची खुर्ची मागणारी. आलेल्या नव्या गोऱ्यांना ते आगाऊपणाचं वाटायचं. फ्रीअरटाउनमध्ये तर फटक्यांचा इतका अतिरेक झाला होता की १८८१ला चौकशी होऊन तिथल्या गोऱ्या व्यवस्थापकाला जावं लागलं. घंटेवर उठायचं, घंटेवर कामाला, घंटेवर प्रार्थनेला. बेड्या तोडून आणलेल्या माणसांना वेळापत्रकात बांधणं हे दयाळू माणसांना किती सहज सुचतं.

सगळीकडे असंच झालं, असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत लव्हडेलला एक स्कॉटिश मिशन होतं. १८८८ मध्ये 'ऑस्प्रे' या युद्धनौकेनं लाल समुद्रात पकडलेल्या गलबतांतून इथिओपियाकडची दोनशेवर ओरोमो माणसं सुटली, बहुतेक मुलंच. आधी एडनजवळच्या मिशनमध्ये ठेवली. तिथं ती तापानं मरायला लागली, म्हणून १८९० साली त्यातल्या ६४ जणांना लव्हडेलला हलवलं. या मुलांना तिथल्या माणसांनी एकेकटं बसवून विचारलं आणि लिहून ठेवलं. वडिलांचं नाव काय, आईचं काय, भावंडं किती, घर कसं होतं, कुणी पळवलं, कुणी विकलं. गाई किती होत्या, शेळ्या किती होत्या. त्या उत्तरांतून कळतं की कित्येकांचे आईवडील जिवंत होते. अनाथ म्हणून वाढलेली ही मुलं अनाथ नव्हतीच; ती हरवलेली होती. मोठी झाल्यावर, १९०३ मध्ये, परत जायचं का, असंही त्यांना विचारलं गेलं, आणि १९०९ मध्ये त्यातले १७ जण खरोखर इथिओपियाला परतले. जे राहिले त्यातली एक बिशो जार्सा. वर्णभेदाविरुद्ध लढून रॉबेन बेटावरच्या तुरुंगात दहा वर्षं काढणारे नेव्हिल अलेक्झांडर तिचे नातू.

शेळ्या किती होत्या, हे विचारणारा माणूस कोण असेल, असं मला राहून राहून वाटतं. पाद्रीच. पण चांगला पाद्री.

पुढे एकदा, पाहुण्यांचा कार्यक्रम नसताना, तांदळाच्या हिशेबासाठी मला त्या शाळेत जावं लागलं. स्वयंपाकघराच्या मागे तीन दगडांवर भलंमोठं पातेलं, मक्याच्या पिठाच्या उगालीचं. एक बाई वल्ह्याएवढ्या लाकडी उलथन्यानं ते घोटत होती, आणि पलीकडे चार मुली घमेल्यात राजमा निवडत बसल्या होत्या. त्यात ती. मी माझ्या मोडक्यातोडक्या स्वाहिलीत विचारलं, "ती शेळी कोणत्या रंगाची होती?" तिला आधी कळेना कोणती शेळी. मग कळलं. आणि मग जे काही सुरू झालं! पांढरी होती, एका कानाला काळी. एक शिंग मोडकं. आजीचा लेसो वाळत घातला होता तो तिनं अर्धा खाल्ला, त्यावर म्हण छापलेली होती ती म्हणसुद्धा खाल्ली. शेजाऱ्यानं तिला चोरून बांधून ठेवलं तर ती दावं तोडून रात्री घरी आली. मुलगी हातवारे करत होती, बाकीच्या तिघी हसून हसून राजमा सांडत होत्या. त्यांना हे माहीत नव्हतं. हॉलमधली गोष्ट सगळ्यांना पाठ होती; ही कुणालाच नव्हती. आणि विकली केव्हा? आई असतानाच, म्हणाली. आईनंच विकली, शाळेच्या बुटांसाठी.

म्हणजे गोष्टीतला क्रम चुकीचा होता. आई आधी गेली आणि शेळी नंतर, असं ऐकायला जास्त लागतं, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार.

त्याच दिवशी फाटकापाशी तिची आजी भेटली. म्हणजे आजी आहे! पायी आली होती, डोक्यावर कैऱ्यांचं बोचकं. मी 'शिकामू' म्हटलं, तिनं 'मराहाबा' म्हणून हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तळवा खरखरीत, गरम. नात इथं का ठेवली, हे मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. मका दोन हंगाम गेला. घरात अजून तीन नातवंडं, ती लहान. इथं ठेवली तर एकीचं तरी पोट आणि पुस्तक दोन्ही होतं. बरोबर न्यायला आवडेल का? आजी माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मी पाऊस आवडेल का असं विचारलंय. म्हणाली, तुम्ही लोक इथं तिच्यासाठी जे देता त्याच्या निम्मं मला द्या, मी उद्या नेते.

मॅडमना मी हे सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरकारनं २०१७ पासून नवी अनाथालयं नोंदवणं थांबवलंय. २०२२ मध्ये धोरण आलं की दहा वर्षांत मुलं घरी, नातेवाइकांकडे, गावात परत जायला हवीत. "मलाही तेच हवंय," म्हणाल्या. "आमच्याकडच्या बऱ्याच मुलांना कुणी ना कुणी आहे. पण देणगी पलंगाला मिळते, मच्छरदाणीला मिळते, इमारतीला तर फारच मिळते. आजीला कुणी देत नाही. आजीचा फोटो कुठे लावणार?" मग जरा थांबून : "आणि ती गोष्ट सांगण्याचा कार्यक्रम तुम्हाला आवडला नाही, ते मला तेव्हाच कळलं होतं. मलाही आवडत नाही. पण गोष्ट झाली त्या वर्षी बोअरवेल झाली. आणि मुलांना विचाराल तर त्यांना तो दिवस आवडतो. पाहुणे येतात त्या दिवशी पिलाव असतो."

आमच्या गटाची बैठक मागच्या रविवारी झाली, आमच्याकडेच, पोहे-चहावर. मी मांडलं की यंदाच्या पैशांतले निम्मे शाळेला द्यावेत, निम्मे मॅडमच्या सल्ल्यानं दोन-तीन आज्यांना, दर महिन्याला थोडे थोडे, मुली घरी जाणार असतील तर. मॅडमनी काउंटीच्या बालकल्याण अधिकाऱ्याशी बोलायचं कबूल केलं आहे. यावर बरीच वादावादी झाली. एकीनं विचारलं, मग आपण तिथं जायचं की नाही? दुसरा म्हणाला, पैसे मुलीलाच मिळतील कशावरून, आजी मोबाईल घेईल. मोबाईल आजीकडे आहेच, मी म्हटलं, इथं मोबाईलवरून पैसे पाठवायच्या एम-पेसाशिवाय पान हलत नाही. खजिनदारांचा मुद्दा मात्र खोडता येईना : शाळा शिक्क्याची पावती देते, ती हिशेबाला लावता येते, आजीची पावती कुठून आणायची? कुणीतरी म्हणालं, एम-पेसाचा मेसेज येतो ना पैसे पोचल्याचा, त्याचा प्रिंट काढून लावा फायलीला. ते चालेल की नाही हे ऑडिटरना विचारून सांगतो, असं म्हणून खजिनदारांनी आणखी एक प्लेट पोहे घेतले. अजून त्यांचा फोन आलेला नाही.